मॉन्टेव्हिडिओ : त्रेपन्न मिनिटं

वृषाली भोयरच्या ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला होता. नागपूरहून हैदराबाद एक तास दहा मिनिटं, मुंबई एक तास पस्तीस, दिल्ली एक तास चाळीस, अशी बावीस गावं तिच्याच अक्षरात एकाखाली एक. प्रत्येक गावापुढे तिथल्या विमानतळावरून हॉस्पिटलात पोचायला किती मिनिटं, तेही लिहिलेलं. हा कागद काही सहलीसाठी केलेला नव्हता. माणसाच्या छातीतून काढलेलं हृदय थंड पेटीत चार तास टिकतं. तेवढ्या वेळात ते दुसऱ्या छातीत बसून धडधडायला लागलं तर ठीक, नाहीतर सगळी मेहनत मातीत. म्हणजे चार तासांत पोचता येईल तेवढंच वृषालीचं जग होतं आणि ते त्या कागदावर मावत होतं.

ती एका मोठ्या हॉस्पिटलात अवयवदान समन्वयक होती. नाव भारदस्त, पण काम एवढंच, की ज्यांच्या माणसाचा मेंदू मेला आहे आणि यंत्रावर छाती तेवढी हलते आहे, त्या घरच्यांजवळ जाऊन बसायचं आणि जगातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारायचा. हे काम करणाऱ्याला लोक एकतर देवमाणूस म्हणतात, नाहीतर गिधाड. एकोणीस वर्षांत तिला दोन्ही म्हणून झालं होतं.

मग गोफण आली. तिचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते कंपनीच्या पत्रकावरच राहिलं. वर्धा रोडला, गाव संपल्यावर जिथून ती सुटायची तिथल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिला गोफण म्हणायला सुरुवात केली, आणि नाव इतकं चपखल बसलं की बातम्यांतही तेच येऊ लागलं. साधं विमान सगळी वाट हवेला रेटत जातं, म्हणून त्याला वेळ लागतो. गोफण पहिल्या सहा मिनिटांत हवेच्या वर निघून जाते आणि इंजिनं बंद करते. पुढचा प्रवास म्हणजे भिरकावलेल्या दगडाचं पडणं. वर अडवायला हवा नाही. पृथ्वीच्या गोल पाठीवरून ती पडत पडत जाते ती थेट दुसऱ्या खंडावर, आणि शेवटी हवेत शिरून पंखांवर तरंगत उतरते. कुठूनही कुठंही जायला तासाच्या आत.

माणसांना ती मानवली नाही. चढताना छातीवर चौघं बसल्यासारखं दडपण, आणि मग अर्धा तास पोटातलं सगळं तोंडाशी. हौशी लोक एकदा बसून आले, फोटो टाकले आणि पुन्हा साध्या विमानाकडे वळले. पण पेटीतल्या हृदयाला काही मळमळत नाही. गोफण अवयवांच्याच कामाची ठरली.

एक अडचण होती. वर उपग्रहांची आणि त्यांच्या मोडक्या तुकड्यांची इतकी गर्दी, की ती वाटेल तेव्हा सोडता येत नसे. मोकळी वाट कधी मिळते ते बघून वेळ ठरायची. नागपूरच्या वाट्याला दिवसातून तीन वेळा येत: पहाटे, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आणि रात्री पावणेदहाला. एक हुकली की थेट पुढची.

अंतर असं बाजूला झाल्यावर सगळ्या जगाची मिळून एकच यादी करावी, असं म्हणणाऱ्यांत वृषाली सगळ्यांत पुढे होती. दिल्लीतल्या बैठकांत ती भांडली. चंद्रपूरच्या एका मुलीचं हृदय तिनं डोळ्यांदेखत वाया गेलेलं पाहिलं होतं. बावीस गावांत कुणाला जुळलं नाही, आणि तेविसाव्या गावात कुणीतरी त्याचीच वाट बघत मेलं असणार, हे तिच्या मनातून जात नव्हतं. यादी झाली. ज्याची गरज मोठी त्याला आधी, लहान वय असेल तर थोडं झुकतं माप. श्रीमंत-गरीब, आपला-परका काही नाही. पहिल्याच वर्षी नैरोबीहून आलेलं हृदय भंडाऱ्याच्या एका मुलाला बसलं आणि वर्तमानपत्रात वृषालीचा फोटो आला.

तो पेपर तिच्या नवऱ्यानं महिनाभर अँब्युलन्सच्या काचेमागे ठेवून मिरवला. पराग भोयर त्याच हॉस्पिटलात ड्रायव्हर होता. हृदयाची पेटी न्यायची तर गाडी परागचीच, असा अलिखित नियम होता. हॉस्पिटल ते गोफण कागदावर पस्तीस मिनिटं होती. पराग एकवीस मिनिटांत पोचायचा, आणि तेही कुणाला खरचटू न देता. दोघांची ओळखच तशी झालेली. ती मागे पेटी धरून बसलेली, आणि तो पुढून आरशात बघत म्हणतोय, “धरून बसा मॅडम, आता सीताबर्डी येऊन राहिली.” लग्नाला बारा वर्षं झाली तरी तो तिला चिडवायला मॅडमच म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदयाचा स्नायू सैल करून गेला. आधी जिना चढताना दम लागायला लागला, मग स्टिअरिंग फिरवताना, मग नुसतं उताणं झोपल्यावर. आता चार महिने तो तिसऱ्या मजल्यावर होता आणि ती पाचव्या. यादीत त्याचं नाव होतं. नाव म्हणजे एक क्रमांक, वय, गाव आणि गुण. गरज जितकी मोठी तितके गुण जास्त.

हे गुण कुणी डॉक्टर मनानं देत नसे. छातीला चिकटवलेली पट्टी रात्रंदिवस ठोके मोजायची, रक्ताच्या तपासण्या व्हायच्या, पावलं मोजली जायची आणि रोज सकाळी नर्स विचारायची, कसं वाटतंय? त्या उत्तरालाही गुण होते. इथंच घोडं पेंड खात होतं. पराग रोज सकाळी सांगायचा, “मस्त आहो.”

रविवारी तर त्यानं कहर केला. अकरा वर्षांची शर्वरी बापाला भेटायला येणार म्हणून त्यानं दाढी केली, घरचा शर्ट मागवून अंगात घातला, आणि पोरीचा हात धरून वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आला. “कोण म्हणते मी आजारी आहो? उद्या गाडी काढतो.” शर्वरी हसत घरी गेली. तो दोन तास ऑक्सिजनवर पडून राहिला, पण पावलं मोजली जायची ती मोजली गेलीच. सोमवारी त्याचे गुण चौऱ्याहत्तरचे एकोणसत्तर झाले.

“नर्स विचारते तेव्हा खरं सांगायला काय होतं तुला?” वृषाली त्याच्यावर ओरडली. “दम लागतो, भीती वाटते, झोप येत नाही, असं सांग की!”

“सकाळी सकाळी त्या पोरीसमोर रडगाणं गाऊ का? पंचवीस वर्षांची नसन ती.”

“गा. तिकडची, परदेशातली माणसं बरोबर सांगतात. बारीकसारीक सगळं सांगतात.”

“आपल्यात नाही सांगत ना पण कोणी. विचारलं तं बरंच आहे म्हणतात.”

“यादीला आपलं-तुपलं कळत नाही, पराग.”

“तूच तं बनवली,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याला खोकला आला, मग तिनं पुढचं बोलणं सोडून पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागत होती. हा आपल्या हातून चाललाय, हे तिला त्या क्षणी इतकं स्पष्ट कळलं की ती काही निमित्त काढून बाहेर गेली.

बुधवारी सकाळी उमरेडकडचा एक मुलगा पाचव्या मजल्यावर मेंदूनं मेल्याचं नक्की झालं. अंकुश गेडाम, वय तेवीस. वीजमंडळाचा लाइनमन, खांबावरून डोक्यावर पडला होता. मुलगा शिडशिडीत, हृदय उत्तम.

नियमाप्रमाणे ज्या समन्वयकाचं माणूस यादीत आहे त्यानं अशा घरच्यांशी बोलू नये. पण दुसरा समन्वयक बहिणीच्या लग्नासाठी अमरावतीला गेलेला. वरून निरोप आला, की भोयरबाई, तुम्हीच बोलून घ्या. तिनं नाही म्हणायला हवं होतं. ती हो म्हणाली.

पडद्यावर तात्पुरती नावं आली होती. पहिला क्रमांक: मुलगी, वय पंधरा, मॉन्टेव्हिडिओ. अंतर पंधरा हजार चारशे दहा किलोमीटर, उड्डाण त्रेपन्न मिनिटं, गुण एकाहत्तर. दुसरा क्रमांक: पुरुष, वय सेहेचाळीस, नागपूर. अंतर शून्य. गुण एकोणसत्तर.

वृषाली त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. दोन गुण. दाढी, घरचा शर्ट आणि वॉर्डाच्या टोकापर्यंतची एक चक्कर. साध्या विमानानं मॉन्टेव्हिडिओला जायला सव्वीस तास लागतात. जुना कागद अजून खरा असता तर त्या गावाचं नावही कुणी घेतलं नसतं, आणि हे हृदय लिफ्टनं दोन मजले खाली गेलं असतं.

शल्यविशारद डॉक्टर इंगोले आत डोकावले. “मुलाचं प्रेशर घसरतंय. रात्रीच्या गोफणीपर्यंत टिकणार नाही. चारची मिळाली तर मिळाली. मला काढायला दीड तास, तुमची रस्त्याची पस्तीस मिनिटं. पावणेदोनच्या आत सही पाहिजे, नाहीतर यादी आपोआप पुढच्या नावावर जाईल.”

“पुढचं नाव,” ती म्हणाली.

डॉक्टरांना पुढचं नाव माहीत होतं. ते दार हळूच लोटून गेले.

अंकुशची आई वनिताबाई भेटीच्या खोलीत एकटीच बसली होती. सोबत आलेला दीर खाली पोलिसांचे कागद बघत होता. बाईनं डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. सकाळी निघताना घाईत घातलेल्या. वृषाली तिच्या शेजारी बसली. समोर बसायचं नाही, हे ती नव्या मुलांना शिकवत असे. तिनं नेहमीसारखं सगळं समजावून सांगितलं. अंकुश आता परत येणार नाही, यंत्र काढलं की छातीही थांबेल. पण त्याच्या शरीरातलं काही दुसऱ्या कुणाला जगवू शकतं. आवाज नेहमीसारखाच येत होता, याचं तिला नवल वाटलं.

वनिताबाई म्हणाली, “घ्या. माह्या पोराचं जे कोणाच्या कामी पडते ते घ्या. त्याले तसंही कोणाले नाही म्हणता येत नव्हतं. लोकं अर्ध्या रात्री फोन करत, लाइन गेली म्हणून, हा पोट्टा निघाला.”

वृषालीनं तिचा हात धरला.

“लांब जाईन का जी, मॅडम?”

“ते सांगता येत नाही, ताई.”

“नाही, म्या आपलं विचारलं. जवळच कोठी गेलं असतं तं कधीमधी कान लावून पाह्यला असता. असू द्या. ज्याचं नशीब.” तिनं डोळे पुसले आणि सरळ बसली. “कोठी सही करू? पेन द्या.”

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. कागद वृषालीच्या मांडीवर होता आणि पेन खिशात.

एकोणीस वर्षांत तिनं अशा वेळी कधीही क्षणाचा उशीर केला नव्हता. घरच्यांच्या तोंडून हो निघालं की पेन हातात. कारण त्या हो नंतरच्या प्रत्येक मिनिटावर कुणाचा तरी जीव लटकलेला असतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पंधरा वर्षांची मुलगी. शर्वरीपेक्षा चार वर्षांनी मोठी. तीही कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर पडून असेल, तिचीही आई काही निमित्त काढून बाहेर जात असेल. हे सगळं वृषालीच्या मनात आलं. आलं नाही असं नंतर तिला स्वतःशीसुद्धा कधी म्हणता आलं नाही.

“घाई नाही, ताई,” ती म्हणाली. “आधी चहा घ्या. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या.”

“नको जी, आता काय चहा.”

“असं कसं? थोडासा घ्या. मी आणते.”

आपल्याकडे चहाला शेवटपर्यंत नाही म्हणता येत नाही. शिपायाला सांगितलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत आणून दिला असता. ती स्वतः गेली, आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्यानं गेली. तळमजल्याच्या कँटीनमध्ये जेवणाची वेळ म्हणून रांग होती. ती रांगेत उभी राहिली. पुढच्या दोघा डॉक्टरांनी ओळखून “या मॅडम, तुम्ही घ्या आधी” म्हटलं, तर ती म्हणाली, “नाही, नाही, तुमचं होऊ द्या.” दोन कप घेऊन ती परत आली तेव्हा पावणेदोनला दोन मिनिटं कमी होती.

चहा कढत होता. वनिताबाईनं तो बशीत ओतला आणि फुंकर घालत घालत प्यायली. मध्येच थांबून ती अंकुशच्या लहानपणचं काहीतरी सांगायला लागली. पतंगामागे धावताना तो विहिरीच्या काठावर कसा गेला होता, ते. वृषाली ऐकत होती आणि ऐकतही नव्हती. एकदाही तिनं “ताई, सही” म्हटलं नाही. कुठला नियम मोडला? कुठलाच नाही. दुःखातल्या बाईला कुणी घाई करत नाही. चौकशी झाली असती तरी उलट शाबासकीच मिळाली असती.

सही झाली तेव्हा एक बावन्न झाले होते. पडद्यावरची पहिली ओळ फिकी पडली होती आणि दुसरी हिरवी झाली होती.

परागला सांगायला ती स्वतः गेली नाही. नर्सनं सांगितलं, आणि तो लहान मुलासारखा रडला म्हणे. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर इंगोले बाहेर येऊन म्हणाले, “हृदय बसवलं आणि एका झटक्यात सुरू झालं. इतकं सुरेख मी फार क्वचित पाहिलंय.” वृषालीनं त्यांचे पाय धरले. तो आनंद खोटा नव्हता. तेवढा मोठा आनंद तिला आयुष्यात आधी झाला नव्हता, पुढेही होणार नव्हता.

सहाव्या दिवशी ऑफिसात बसून तिनं मॉन्टेव्हिडिओच्या मुलीचा क्रमांक उघडून पाहिला. नोंद बंद. कारण: मृत्यू. एवढ्या दोनच ओळी. मुलीचं नाव काय, केस कसे, तिला काय आवडायचं, यातलं काही कळायची सोय यादीत नव्हती, आणि ही सोय नसावी म्हणून दिल्लीत भांडलेल्यांत वृषालीही होती. तिनं पडदा बंद केला. दुपारी दुसऱ्या एका घरच्यांशी बोलायचं होतं, तिथं जाऊन बोलली.

पराग घरी आला. मानेवाड्याच्या त्या दोन खोल्यांत पुन्हा त्याचा आवाज घुमायला लागला. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ अशा मूठमूठ गोळ्या, परक्याचं हृदय शरीरानं झिडकारू नये म्हणून. गोळ्या चुकायच्या नाहीत. शर्वरी घड्याळ लावून द्यायची. तो बाजारात जाऊ लागला, जिना चढू लागला, आणि वरच्या पायरीवर उभा राहून “पाहा मॅडम, दम नाही” म्हणू लागला. वृषालीला हे सगळं हवं होतं आणि ते तिला मिळालं होतं. फक्त रात्री त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपायची सवय तिनं मोडली. त्याला वाटलं, टाक्यांना जपते आहे.

सहा महिने झाले की दोन्हीकडून होकार असेल तर दात्याच्या घरचे आणि घेणारा यांची भेट घालून देता येते. वनिताबाईचा अर्ज बरोबर सहा महिने आणि एका दिवसानं आला. वृषालीनं तो तीन आठवडे ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला. शेवटी परागनंच विचारलं, “काऊन वं, त्या माऊलीनं अजून काही कळवलं नाही का? मला भेटायचं आहे तिला.” मग नाही म्हणायला काही उरलं नाही.

ती एका रविवारी दुपारी आली. सोबत घरची तूरडाळ, आणि शर्वरीसाठी फुटाणे. पराग दारात तिच्या पाया पडला. त्यानं शर्टची वरची बटणं सोडली, खुर्चीत बसला, आणि ती वाकून त्याच्या छातीला कान लावून उभी राहिली. किती वेळ, कुणी मोजलं नाही. शर्वरी आतल्या दारातून बघत होती. वृषाली भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला एकच वाटत होतं, की हे झाल्यावर बाईनं उठावं आणि जावं.

“तोच आहे,” वनिताबाई म्हणाली. “लहानपणी असाच वाजे.” मग ती बसली, पाणी प्यायली, आणि परागकडे बघून म्हणाली, “तुमची बाई लय चांगली आहे जी. त्या दिवशी माह्याजवळ कोणी नव्हतं. म्या तं दीडलाच पेन मागतला होता. दीडचा टाइम ध्यानात आहे माह्या. अंकुश रोज दीडला जेवाले घरी ये, म्हणून घड्याळाकडेच पाहून राहिली होती. पण ह्या म्हणे, घाई नाही, आधी चहा घ्या. सोता खाली जाऊन घेऊन आल्या. सगेसोयरे नाही करत इतकं.”

“हो,” पराग म्हणाला. “चांगली आहे.”

त्यानंतर तो वनिताबाईशी तासभर बोलला. अंकुशबद्दल विचारलं, तिला बसस्टँडवर सोडायला शर्वरीला बरोबर घेऊन गेला, परत येताना पोरीला मैत्रिणीकडे सोडून आला. मग दार लावून तो वृषालीसमोर बसला.

“अकरा वर्षं तुझी पेटी नेली मी,” तो म्हणाला. “घाई नाही असं तू कधी कोणाला म्हटलं नाही. चारची गोफण कोणासाठी होती?”

तिनं सगळं सांगितलं. सहा महिने ती या क्षणाला भीत होती. आता आल्यावर तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मुलगी, पंधरा वर्षं, मॉन्टेव्हिडिओ. तिचे एकाहत्तर, तुझे एकोणसत्तर.

“सही कधी झाली?”

“एक बावन्नला.”

“आणि वेळ होती?”

“पावणेदोन.”

“सात मिनिटं.” तो बोटांवर काही मोजत होता. “मी चालवत असतो तं सात मिनिटं रस्त्यात भरून काढली असती. गोफण सापडली असती.”

“मला माहीत आहे.”

“कशी आहे ती पोरगी?”

“सहा दिवसांत गेली.”

पराग शांत होता. तिला वाटलं होतं तो ओरडेल, काहीतरी फेकेल. त्यानं तसं काही केलं नाही. अगदी गाडीत आरशातून बोलायचा तशा सरळ आवाजात तो म्हणाला, “मला विचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं.”

“म्हणूनच विचारलं नाही.” ती म्हणाली. “मी रोज त्या पोरीसाठी रडते, पराग. पण खरं सांगू? ती खोली, ती बाई, ते घड्याळ पुन्हा समोर आलं ना, तर मी पुन्हा चहा आणायला जाईन. पुन्हा जिन्यानं जाईन.”

“तेच तं,” तो म्हणाला. “तेच नाही सहन होऊन राहिलं.”

घड्याळाचा काटा पाच-सात मिनिटं पुढे सरकला. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली होती. हृदय बदलताना रक्तवाहिन्या जोडता येतात, नसा जोडता येत नाहीत. आपल्या जन्माच्या हृदयाला मेंदूची बातमी त्या नसांवाटे तात्काळ लागते. दचकलो की त्याच ठोक्याला ते दचकतं. बसवलेल्या हृदयाला तशी तार नसते. मेंदूला धक्का बसला की शरीर आपला रस रक्तात सोडतं, तो रक्तातून फिरत फिरत हृदयाशी पोचतो आणि मग ते धावायला लागतं. कधी पाच मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. पोचल्यावर निवायलाही तसाच वेळ लागतो.

“हे त्या माऊलीचं आहे,” पराग म्हणाला. “मी सांभाळीन. एक गोळी चुकवणार नाही. शर्वरीला काही कळू द्यायचं नाही. पण तुझ्या शेजारी निजणं मला जमणार नाही आता.”

आणि तेव्हा ते आलं. त्याचा हात आपोआप छातीवर गेला. कपाळावर घाम फुटला, शर्टाखाली छाती उडताना वृषालीला समोरून दिसायला लागली. ती उठून त्याच्याकडे गेली, तर त्यानं दुसरा हात आडवा धरून तिला थांबवलं. तशीच ती मध्यावर उभी राहिली. तो डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून, तेवीस वर्षांच्या त्या हृदयाचं धावणं थांबायची वाट बघत बसला, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.